बिऱ्हाडाबरोबर जाणारा दिवा

दिवाळीचा फराळ संपत आला की शहापूर-मुरबाडकडच्या कातकरी वाड्यांमध्ये टेम्पो यायला लागतात. भातकापणी उरकलेली असते, गावातली मजुरी आटलेली असते आणि वीटभट्टीच्या मालकाकडून भर पावसाळ्यात घेतलेली उचल अंगावर असते. ती फेडायला भिवंडी-कल्याणकडच्या भट्ट्यांवर जायचं आणि मृगाच्या तोंडावर परतायचं, हा कित्येक घरांचा वर्षाचा फेरा आहे. डोळखांबच्या अलीकडल्या एका वाडीत मी एकदा ही बांधाबांध शेवटपर्यंत उभं राहून पाहिली. दोन पातेली, तवा, गोधड्यांचं गाठोडं, तांदळाची अर्धी गोणी, पाय बांधलेल्या चार कोंबड्या, पोरं, कुत्रं. सगळं चढल्यावर एक बाई परत मागे वळली. कौलांवर चढवलेली वहीच्या पानाएवढी काळी प्लेट तिनं काठीनं खाली ओढली, तिची वायर कोपरापासून अंगठ्यापर्यंत गुंडाळली, आणि प्लेट, वायर, दिवा असं सगळं तांदळाच्या गोणीत खोल खुपसलं. धक्का लागू नये म्हणून.

दाराच्या वर मीटर होता. घर बंद झालं तरी त्याचा तांबडा ठिपका लुकलुकत होता.

"मावशी, घरात लाईट आलीय ना? मग हा दिवा कशाला?"

"भट्टीवर कुठं हाय लाईट? आन् मीटरची काय संगं येते व्हय, दादा?"

टेम्पो गेला. मी त्या दिवसांत आफ्रिकेतल्या विजेवरचं काहीबाही वाचत होतो. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत अजून सुमारे ६० कोटी माणसांच्या घरी वीज नाही. जागतिक बँक आणि आफ्रिकन विकास बँक यांनी २०२४ साली 'मिशन ३००' नावाची मोहीम जाहीर केली. २०३० पर्यंत त्यातल्या ३० कोटी लोकांना वीज द्यायची, तारा नेता येतील तिथे तारांनी आणि नेता येणार नाहीत तिथे सौर संचांनी. आकडे वाचताना ते सगळं फार लांबचं वाटत होतं. तांदळाच्या गोणीत गेलेला तो दिवा पाहिल्यावर वाटेनासं झालं.

कल्याणहून कसाऱ्याची लोकल पकडली की आसनगाव, आटगाव, खर्डी करत गाडी शहापूर तालुक्यातून चढत जाते. डोक्यावरची तार तुम्ही कधी बघत नाही, कारण ती कायमचीच असल्यासारखी आहे. आणि जवळपास आहेच. ठाकुर्लीचं रेल्वेचं वीजघर १९२९ मध्ये सुरू झालं आणि १९३० च्या सुमारास कल्याण ते इगतपुरी या पट्ट्यात विजेची इंजिनं धावायला लागली. थळ घाटाच्या सदतिसास एक चढावर मालगाडी ओढणारी ती सांध्यांची लांबट इंजिनं डुलत चालत, म्हणून लोक त्यांना 'खेकडा' म्हणत. म्हणजे या तालुक्यात वीज येऊन शंभर वर्षं व्हायला आली. फक्त ती खाली उतरली नाही. रुळांपासून हाकेच्या अंतरावरच्या पाड्यांत त्यानंतर दोन पिढ्या रॉकेलच्या चिमणीवर वाढल्या.

पाण्याचीही तीच गोष्ट, आणि ती ठाणे जिल्ह्यात सगळ्यांना पाठ आहे. तानसा धरण १८९२ चं. पुढे वैतरणेवर मोडकसागर, मग भातसा. आज मुंबईच्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मं एकट्या भातसातून जातं, आणि एप्रिल उजाडला की याच शहापूर तालुक्यात टँकरच्या मागे हंडे घेऊन पळणाऱ्या बायांचे फोटो वर्तमानपत्रांत येतात. दरवर्षी येतात. फोटो काढणारेसुद्धा आता कंटाळले असतील.

विजेच्या बाबतीत एक जागा मला जास्त बोलकी वाटते, कारण ती फारशी कुणाला ठाऊक नाही. डोळखांबच्या पुढे सह्याद्रीची भिंत सरळ उभी राहते. तिच्या माथ्यावर अकोले तालुक्यात घाटघर, पायथ्याशी शहापूर तालुक्यात चोंढे. वर एक धरण, खाली एक धरण, मध्ये डोंगराच्या पोटात जनित्रं. संध्याकाळी शहरांतले पंखे, एसी, टीव्ही एकदम चालू होतात तेव्हा वरचं पाणी खाली सोडून वीज करायची. मध्यरात्री मागणी पडली की जाळ्यातलीच जास्तीची वीज वापरून तेच पाणी पुन्हा वर चढवायचं. चढवायला लागते त्यापेक्षा उतरताना मिळते कमी, पण ती अडचणीच्या वेळी मिळते, म्हणून हा तोट्याचा व्यवहार फायद्याचा ठरतो. अडीचशे मेगावॅटचा हा प्रकल्प २००८ साली सुरू झाला. रोलरने दाबलेल्या काँक्रीटची धरणं भारतात पहिल्यांदा इथेच झाली. साध्या भाषेत सांगायचं तर शहापूर तालुक्यात डोंगराएवढी बॅटरी आहे. ती रोज चार्ज होते, रोज उतरते. शेजारच्या मुरबाडमध्ये माळशेजच्या कड्यावर अशीच दुसरी करायचं बरीच वर्षं घाटत आहे.

यात कुणी मुद्दाम कुणाचं वाईट केलं असं मी म्हणत नाही. जाळ्याचा स्वभावच तसा असतो. ते मोठ्या गिऱ्हाइकाकडे धावतं. आफ्रिकेत हे आणखी ठळक दिसतं. झांबेझी नदीवरचं करिबा धरण १९५९ मध्ये पुरं झालं. त्यासाठी टोंगा जमातीची सुमारे ५७ हजार माणसं उठवली गेली, आणि त्यांच्या नव्या वस्त्यांमध्ये पुढे कित्येक दशकं दिवा लागला नाही. वीज तांब्याच्या खाणींना गेली. काँगोत तर १९८२ च्या सुमारास इंगा धरणापासून कटांगाच्या खाणींपर्यंत सुमारे १,७०० किलोमीटरची उच्च दाबाची लाईन टाकली. वाटेतल्या गावांच्या डोक्यावरून ती गेली, खाली कुठेही उतरली नाही. उच्च दाबाची एकदिश विद्युत मध्येच उतरवायची तर त्यासाठी वेगळं, महागडं केंद्र लागतं. एखाद्या खेड्यासाठी ते कोण बांधणार? आज काँगोत पाचातल्या जेमतेम एका माणसाला वीज मिळते. कसाऱ्याच्या लोकलमध्ये बसून खिडकीबाहेर बघताना मला ही लाईन आठवते, आणि आपण उगाच आफ्रिकेला 'अंधारी' म्हणतो याची जरा लाजही वाटते.

*

आता 'गावात वीज आहे' म्हणजे नेमकं काय, ते बघू. सरकारी व्याख्या २००४ साली बदलली. त्यानुसार वस्तीत आणि दलित वस्तीत डीपी आणि तारा पोचलेल्या असाव्यात, शाळा-पंचायत-दवाखाना अशा सार्वजनिक जागी जोडणी असावी, आणि एकूण घरांपैकी निदान दहा टक्के घरांत वीज असावी. झालं, गाव विद्युतीकृत. उरलेली नव्वद टक्के घरं अंधारात असली तरी नकाशावर गाव उजळतं. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधलं लैसांग उजळलं आणि देशातलं शेवटचं गाव झाल्याचं जाहीर झालं, ते या व्याख्येनं.

शहापूर-मुरबाडच्या माणसाला यातली मेख लगेच कळते. इथे 'गाव' हा महसुली शब्द आहे, माणसं पाड्यांत राहतात. एका गावाला पाच पाडे, सात पाडे, कुठे दहा. कुणबी-आगऱ्यांचं मूळ गाव सडकेवर, ठाकरांची वाडी टेकाडावर, महादेव कोळ्यांचा पाडा डोंगराच्या कुशीत आणि कातकरीवाडी ओढ्यापलीकडे, कुणाच्या तरी मालकीच्या माळावर. पोल पहिल्यांदा सडकेनं येतो. मग टेकाडावर चढतो. ओढ्यापलीकडे जायला त्याला बरीच वर्षं लागतात, आणि त्यात दर वेळी पैशाचीच अडचण असते असं नाही. कातकरी घराखालची जमीन बहुधा घरवाल्याच्या नावावर नसते. मीटरचा अर्ज करायला घराचा उतारा हवा, नाहीतर मालकाची संमती हवी. संमती दिली की उद्या हे लोक हक्क सांगतील अशी मालकाला धास्ती. पाडा वनखात्याच्या हद्दीत असेल तर गोष्ट आणखी निराळी. तानसा अभयारण्याचा मोठा भाग शहापुरातच आहे. तिथे एक पोल रोवायचा तर कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर कागद जातो, यावर स्वतंत्र लेख होईल.

खरं तर त्यावर एक सोपी वाट कायद्यातच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यातलं कलम ३(२). शाळा, अंगणवाडी, रस्ता, पाण्याची टाकी आणि विजेच्या तारा अशा तेरा सोयींसाठी, प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन लागत असेल आणि हेक्टरी ७५ हून जास्त झाडं पडणार नसतील, तर ग्रामसभेच्या शिफारशीवर ती जमीन देता येते. दिल्लीपर्यंत जायची गरज नाही. मुरबाड भागात श्रमिक मुक्ती संघटनेसारख्या संघटनांनी वनहक्काचे दावे, काळू धरणाचा प्रश्न असे लढे लढताना लोकांना ग्रामसभा घ्यायची सवय लावली. त्यामुळे काही ठिकाणी हे कलम लोकांना तोंडपाठ आहे. काही ठिकाणी कागद हाताळणाऱ्यालाच ते नव्यानं सांगावं लागतं.

मग सप्टेंबर २०१७ मध्ये 'सौभाग्य' योजना आली आणि दर घराला जोडणी द्यायचं ठरलं. गरिबांच्या यादीत असलेल्यांना फुकट, इतरांना ५०० रुपयांत आणि तेही बिलातून हप्त्यांनी. या योजनेची खोड काढणं सोपं आहे, पण तिनं पाड्यांचा चेहरा बदलला हे कबूल केलं पाहिजे. मी पाहिलेल्या वाड्यांपैकी बहुतेकींमध्ये आज मीटर आहे. पूर्वी लोक आकडा टाकायचे, पावसात शॉक बसून माणसं जायची, ते पुष्कळच कमी झालं.

अडचण सुरू होते ती मीटर लागल्यानंतर. जून ते दिवाळी घरात माणसं असतात, दिवाळी ते मे घर बंद. बंद घरालाही बिलात स्थिर आकार लागतोच. सहा-सात महिन्यांची बिलं दाराच्या फटीत सरकवलेली असतात. उंदरांनी कुरतडलेली, वाळवीनं खाल्लेली. भट्टीचा हिशोब होऊन, उचल वजा जाऊन जे काही हातात येतं त्यातून तांदूळ घ्यायचे, घर शाकारायचं, की आपण नव्हतोच त्या महिन्यांचं बिल भरायचं? बिल राहतं. थकबाकीवर व्याज चढतं. एक दिवस वायरमन येऊन सर्व्हिस वायर सोडवून नेतो. त्याचाही नाइलाज असतो, त्याला वसुलीचं टार्गेट आहे. सरकारदप्तरी ते घर मात्र विद्युतीकृतच राहतं.

*

पोलच्या आधी, पोलबरोबर आणि पोल निघून गेल्यावरही या भागात सोलर येत राहिलं आहे. लोक 'सोलर' म्हणतात आणि पॅनलला 'प्लेट'. कुठल्याही पाड्यात शिरा, वेशीवर एक लोखंडी खांब दिसेल. वर आभाळाकडे तोंड केलेली प्लेट, खाली दिवा आणि मध्ये बॅटरीची पेटी. शंभरात कितीतरी पेट्यांची दारं लोंबत असतात आणि आत बॅटरी नसते. चोरीला गेलेली असते किंवा मेल्यावर कुणीतरी भंगारात घातलेली असते, कारण बॅटरीतल्या शिशाला भाव आहे. खांबाला बकरी बांधलेली असते. एका वाडीत त्या प्लेटखालच्या सावलीत म्हातारा खाट टाकून बसलेला पाहिला. सोलरचा एवढा तरी उपयोग.

खांब का मरतो ते समजून घेण्यासारखं आहे. साधी लेड-ॲसिड बॅटरी ही म्हशीसारखी असते. रोज बघावं लागतं. काही महिन्यांनी तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं, टोकांवर चढलेला पांढरा-हिरवा क्षार गरम पाण्यानं धुवावा लागतो, आणि तिला पुरती रिकामी होऊ द्यायची नसते. रोज तळापर्यंत उतरवली तर पाच वर्षांची बॅटरी दीड-दोन वर्षांत बसते. आता कोकणातला पावसाळा आठवा. जुलैमध्ये झड लागली की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. सौर संचाचा आराखडा करणारा हिशोबात साधारण दोन-तीन दिवसांचं ढगाळ हवामान धरतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी तो हिशोब वाहून जातो. ४० वॉटची प्लेट वैशाखात दिवसाला पावणेदोनशे-दोनशे वॉट-तास सहज देते. पाच वॉटचे तीन दिवे पाच तास लावले तर पंचाहत्तर वॉट-तास जातात, वर फोन चार्ज होतो आणि शिल्लकही राहते. आषाढात झड लागली की तीच प्लेट पाव भागाच्याही आत येते. नेमक्या त्याच महिन्यात दिव्याची गरज सगळ्यात जास्त असते.

ही गरज काय असते ते शहरातल्या माणसाला कळायला वेळ लागतो. मुलांचा अभ्यास हे आपलं आवडतं उत्तर. अभ्यास आहेच. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकांनी टॅबलेटवर शिकवायला सुरुवात केली आणि ती शाळा 'डिजिटल शाळा' म्हणून राज्यभर गाजली, तेव्हा पाड्याला चार्जिंग कशासाठी लागतं ते सगळ्यांना दिसलं. पण पाड्यातल्या बाईला विचारा. ती आधी सापाचं नाव काढते. आवणीच्या दिवसांत बिळांत पाणी शिरतं आणि मण्यार घरात येते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते. दात इतके बारीक की चावा जाणवतही नाही. पोट दुखायला लागतं, पापण्या जड होतात, तोवर उशीर झालेला असतो. रात्री बाहेर जाताना पायाखाली उजेड असणं म्हणजे इथे जीव वाचणं.

म्हणून मला सगळ्यात चिवट वाटले ते अगदी छोटे दिवे. २०१४ च्या सुमारास आयआयटी मुंबईच्या प्रा. चेतनसिंह सोलंकी यांच्या गटानं शाळकरी मुलांसाठी अभ्यासाचा सौर दिवा काढला. किंमत पाचशेच्या आसपास, मुलाकडून घ्यायचे १२० रुपये. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान आणि ओडिशात मिळून दहा लाख दिवे गेले. आकड्यापेक्षा मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. दिव्याचे सुटे भाग तालुक्याला यायचे आणि ते जोडायचे तिथल्याच मुलींनी आणि बायांनी. दुरुस्तीही त्यांनीच करायची. स्क्रू उघडला की आत काय आहे ते गावातल्या कुणालातरी माहीत होतं. असा दिवा सहसा पहिल्यांदा बटणात बिघडतो, नाहीतर चार्जिंगची पिन सैल होते. दोन्ही कामं पाच मिनिटांची. पण ती पाच मिनिटं देणारा माणूस चालत जाण्याच्या अंतरावर हवा.

अख्ख्या गावाचं सोलर करून बघणारेही आहेत. माळशेज घाट चढून वर गेलं की जुन्नर तालुका लागतो. तिथल्या दरेवाडीत २०१२ साली पुण्याच्या 'ग्राम ऊर्जा' कंपनीनं बॉश कंपनीच्या मदतीनं ३९ घरांसाठी साडेनऊ किलोवॅटच्या आतबाहेरचं सौर वीजघर उभं केलं. घराघरांत मीटर, गावाची समिती, आणि वापराप्रमाणे पैसे. पैसे कशाला, तर उद्या बॅटरी बदलायची वेळ येईल तेव्हा कुणाच्या दारात जायला नको म्हणून. याउलट उदाहरण बिहारचं. धरणाई गावात २०१४ मध्ये ग्रीनपीसनं शंभर किलोवॅटचं सौर जाळं वाजतगाजत सुरू केलं, आणि माजी मुख्यमंत्री आले तेव्हा गावकऱ्यांनी त्यांच्याकडे 'असली बिजली' मागितली. नकली नको, खरी द्या. पुढे खरी आली आणि तिथलं सौर जाळं मागे पडलं. लोकांना नावं ठेवणाऱ्यांना मी म्हणेन, ज्या विजेवर फ्रिज चालत नाही आणि जी शेजारच्या गावातल्या विजेपेक्षा महाग पडते तिला लोकांनी खरी का म्हणावं? पाड्यातल्या माणसालाही गिरणी चालवायची असते, पंप लावायचा असतो. त्यालाही टीव्हीवर क्रिकेट बघायचं असतं.

पाण्याच्या बाबतीत मात्र सोलरला इथे खोटं कुणी म्हणत नाही. एकाच बोअरवर हातपंपही आणि सौर ऊर्जेवर चालणारा पाणबुडी पंपही, वर पाच हजार लिटरची टाकी, अशी 'दुहेरी पंप' योजना आदिवासी भागात बरीच पसरली आहे. तिच्यात बॅटरीच नाही, हे तिचं मोठं पुण्य. उन्हात पाणी वर चढतं, टाकीत साठतं. आणि उन्हाळ्यात, पाण्याची बोंब असते तेव्हाच ऊन भरपूर असतं. विजेच्या दिव्याचं गणित पावसात बिघडतं, पाण्याचं उन्हात जमतं.

*

मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं गाव आहे. ८ मार्च २०१६ रोजी तिथे जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीच्या पुढच्या आज्या, गुलाबी नऊवारी नेसून, खांद्याला दप्तर लावून दुपारी शाळेत येतात आणि पाटीवर मुळाक्षरं गिरवतात. जगभरच्या वाहिन्या येऊन त्यांचं चित्रण करून गेल्या. मी ते बघताना माझ्या डोक्यात दुसऱ्याच आज्या होत्या.

राजस्थानात अजमेर जिल्ह्यात तिलोनिया नावाचं खेडं आहे. बंकर रॉय यांनी १९७२ साली तिथे जी संस्था सुरू केली ती पुढे 'बेअरफूट कॉलेज' म्हणून ओळखली जाऊ लागली. तिथे आफ्रिकेतल्या खेड्यांतून बाया येतात. पुष्कळशा आज्या झालेल्या, बऱ्याचशा निरक्षर, एकमेकींची भाषा न कळणाऱ्या. सहा महिने राहून त्या सौर दिवा आणि त्याचा कंट्रोलर जोडायला आणि दुरुस्त करायला शिकतात. रंगांच्या खुणांनी, हातवाऱ्यांनी. ही तार तिकडे, ती तार इकडे. कित्येक वर्षं भारत सरकार त्यांचा खर्च उचलत आलं आहे. आज्याच का? रॉय यांचं उत्तर साधं आहे. पुरुषाला सर्टिफिकेट दिलं की तो शहरात नोकरी शोधायला जातो. आजी गावातच राहते.

हे वाचलं तेव्हा मी हसलो होतो. नंतर वाटलं, शहापुरातल्या त्या खांबांखाली एखादी आजी असती तर बॅटऱ्या जिवंत राहिल्या असत्या. 'सौभाग्य' योजनेत दुर्गम घरांना सौर संच देताना पाच दिवे, एक पंखा आणि पाच वर्षांची देखभाल असं कागदावर लिहिलेलं होतं. देखभाल करणारा कुठे राहतो हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. तो ठाण्याला राहत असेल तर तो येत नाही. त्याचा येण्याजाण्याचा खर्च दिव्यापेक्षा जास्त आहे.

आफ्रिकेनं या दुखण्यावर आणखी एक औषध काढलं, ते बाजारातलं. केनियात २००७ पासून एम-पेसा आहे, साध्या फोनवरून पैसे पाठवायची सोय. तिच्या आधारानं एम-कोपा या कंपनीनं घरगुती सौर संच हप्त्यांनी विकायला सुरुवात केली. थोडे पैसे आधी, मग वर्षभर रोज चाळीस-पन्नास शिलिंग. संचातच सिम असतं. हप्ता आला नाही की दिवा बंद, आला की चालू. सगळे हप्ते फिटले की संच घरवाल्याचा. यात दोन्ही बाजूंना दिवा चालू राहण्यात रस असतो. कंपनीचे पैसे दिवा पेटण्यावर अवलंबून, म्हणून बिघडला तर तिचा माणूस धावत येतो. ऐकायला छान आहे, पण मला उचल आठवते. रोजच्या हप्त्याला रोजची मिळकत लागते. ज्याची सात महिन्यांची मजुरी पावसाळ्यातच खाऊन झाली आहे त्याचा दिवा पौषात कुलूपबंद होणार. कर्जाच्या गळ्यात आणखी एक कर्ज. आपल्याकडचीही एक गोष्ट तिकडे गेली आहे. बिहारमध्ये भाताच्या तुसापासून वायू करून गावांना वीज देणारी हस्क पॉवर सौर जाळी घेऊन टांझानिया आणि नायजेरियात पोचली. भाताचं तूस मुरबाडलाही कमी नाही. गिरण्यांमागे त्याचे ढीग असतात.

१५ नोव्हेंबर २०२३ रोजी 'पीएम-जनमन' ही आदिम जमातींसाठीची योजना सुरू झाली. महाराष्ट्रातल्या अशा तीन जमाती म्हणजे कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. घर, रस्ता, पाणी, वीज असं सगळं त्यात आहे. तार जिथे परवडणार नाही तिथे सौर संच. घराच्या छपरावर घट्ट बसवलेला, जो सुटणार नाही, चोरीला जाणार नाही. चांगलंच आहे. फक्त ज्या जमातीसाठी तो आहे तिच्यातली कित्येक घरं वर्षातले सात महिने त्या छपराखाली नसतात. भट्टीवर त्यांचं घर म्हणजे कच्च्या विटांची कमरेएवढी भिंत आणि वर प्लास्टिक. पहाटे तीनला उठून चिखल मळायचा असतो. भट्टीचा दिवा असला तर मालकाच्या खोलीवर आणि विटांच्या थप्पीवर.

*

यंदा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा त्या वाडीत गेलो. टेम्पो चार दिवसांपूर्वी परतला होता. मीटरचा तांबडा ठिपका विझलेला होता, वायर पोलवर गुंडाळून ठेवली होती. मावशी छपरावर प्लास्टिक ताणत होती. तो दिवा वळचणीला लटकत होता. काचेवर भट्टीची लाल माती, बटणाच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा घट्ट बांधलेला.

"पेटतो?"

"दाबून धरला तर पेटतो. बाजारच्या पोऱ्याला दाखवला, तो म्हनला नवा घे."

मी तिला तिलोनियाच्या आज्यांची गोष्ट सांगितली. काळ्या आज्या, दुसऱ्या मुलखातनं विमानानं आलेल्या, अक्षर न येणाऱ्या, आणि दिवा उघडून परत जोडणाऱ्या. ती ऐकत होती, पण हात थांबले नव्हते. सगळं ऐकून झाल्यावर तिनं एकच विचारलं.

"किती दिस लागतात शिकायला?"

"सहा महिने."

तिनं प्लास्टिकची कड दातांत धरली आणि मोकळ्या हाताच्या बोटांवर मोजलं. जेठ, आखाड, श्रावण, भादवा, अश्विन. अंगठा वाकवून ती तिथेच थांबली.

"एक कमी पडतो, दादा," म्हणाली, आणि दगड आणायला खाली उतरली.